‘जरा समजावून सांगा की ह्यांना’ : लकव्यानंतरचं नैराश्य आणि मानसोपचाराची सुरुवात

आमच्या पुनर्वसन केंद्रात फिजिओथेरपीची खोली आणि माझी खोली यांच्यात फक्त प्लायवूडची एक भिंत आहे. पलीकडून ‘उचला, अजून थोडं, शाब्बास’ ऐकू येत असतं आणि अलीकडे एखाद्या काकू आवाज खाली आणून मला सांगत असतात, “मॅडम, हे व्यायामाला नकोच म्हणतात. जेवण नाही, बोलणं नाही. तेवढं जरा समजावून सांगा की ह्यांना.”

कोल्हापुरात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करताना हे वाक्य मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकायला मिळतं. ते म्हणणाऱ्यांसाठीच हा लेख आहे. माझ्यापर्यंत येण्याआधी घरात समजावून झालेलंच असतं. बायकोने समजावलेलं असतं, मुलाने समजावलेलं असतं, पुण्याहून आलेल्या मेहुण्याने दोन तास बसून ‘मन खंबीर ठेवा’ सांगितलेलं असतं. त्याने काम भागलं असतं तर माझा जिना कुणी चढलंच नसतं. मानसोपचारात समजावण्याचा भाग फार थोडा असतो. मग त्यात असतं काय, आणि तिथपर्यंत पोचायचं कसं, ते क्रमाने सांगते.

पक्षाघात म्हणा, अर्धांगवायू म्हणा, लकवा म्हणा. झटका येऊन गेलेल्या माणसांपैकी साधारण तिघांतल्या एकाला पुढच्या काही वर्षांत कधी ना कधी नैराश्य येतं. जगभरातल्या बऱ्याच अभ्यासांची गोळाबेरीज करून निघालेला हा आकडा आहे. बहुतेकांना ते पहिल्या वर्षातच गाठतं. आपल्याकडे त्याला ‘हाय खाल्ली’ असा शब्द आहे, आणि तो ऐकला की लोक मान हलवून गप्प बसतात, जणू हाय खाणं हा लकव्याचाच पुढचा अंक. तसं नाही. मेंदूला झालेली इजा, हातातून गेलेलं काम, दुसऱ्याच्या आधाराने संडासला जावं लागणं, हे सगळं मिळून ते येतं, आणि त्यावर उपचार आहेत. उपचार लांबले की व्यायाम टळतो, गोळ्या चुकतात आणि सुधारायचा हातही मागे राहतो. तेलाच्या मालिशीत आणि ‘लकव्याचं औषध’ देणाऱ्या गावांच्या फेऱ्यांमध्ये घरं सहा-सहा महिने घालवतात. मालिशीशी माझं भांडण नाही, त्या सहा महिन्यांशी आहे.

पहिली पायरी : हे नैराश्यच आहे का, ते बघा

लकव्यानंतर चार गोष्टी दुरून सारख्याच दिसतात, आणि घरातले चारही गोष्टींना ‘खचलेत’ म्हणतात.

पहिली, अनावर रडू. मालिकेत लग्न लागतंय, नातवाने ‘आजोबा’ म्हणून हाक मारली, आणि यांचा बांध फुटतो. दोन मिनिटांत थांबतोही. कधी असंच नको तिथे हसू फुटतं. ‘आत्ता वाईट वाटलं का?’ असं विचारलंत तर उत्तर येतं, ‘नाही हो, आपोआप आलं.’ भावना बाहेर पडायच्या वाटेवर मेंदूचं जे नियंत्रण असतं ते सैल झाल्याने हे होतं. नैराश्याबरोबरही असू शकतं, पण एकटंही असतं. त्यावर वेगळा उपचार आहे, औषधाने फरकही पडतो. अशा वेळी गळ्यात पडून सांत्वन करू नका, विषय बदला, पाणी द्या.

दुसरी गोष्ट थकवा. माणसाला करायचं असतं, पण वीस मिनिटांत बॅटरी उतरते. तिसरी निरिच्छता. स्वतःहून काहीच सुरू करत नाहीत, तासन्‌तास बसून राहतात, पण हात धरून अंगणात नेलं तर खूश असतात. यात गंमत अशी की तक्रार घरच्यांची असते, पेशंटची काहीच नसते.

चौथं नैराश्य. मन उदास किंवा रिकामं, आणि पूर्वी ज्यात जीव रमायचा त्यात आता रमत नाही. या दोहोंपैकी निदान एक गोष्ट, बहुतेक दिवस, किमान दोन आठवडे. जोडीला पहाटे तीन-चारला जाग, अन्नावरची वासना उडणं, ‘मी तुमच्यावर ओझं झालो’, ‘माझ्या कर्माची फळं’ अशी भाषा.

मोजायला पीएचक्यू-9 नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली आहे. मराठीत उपलब्ध आहे. गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, प्रत्येक प्रश्नाला 0 ते 3 गुण, बेरीज 27 पर्यंत. 10 किंवा जास्त आले तर तज्ज्ञाकडे जायचंच. लकव्याच्या पेशंटमध्ये मी एक सावधगिरी बाळगते. थकवा, मंद हालचाली, लक्ष न लागणं हे प्रश्न लकव्यामुळेही गुण खातात. म्हणून उदासपणा आणि गोडी हे पहिले दोन प्रश्न आधी बघा.

आणि नववा प्रश्न, मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे शून्याखेरीज काहीही आलं तर बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. ‘असं विचारलं तर नको ते डोक्यात जाईल’ ही भीती सगळ्यांना वाटते. विचारल्याने विचार येत नाही, उलट एकट्याने वाहायचं ओझं कमी होतं. सरळ विचारा : ‘जगू नये असं वाटतं का? काही करून घ्यावं असं मनात येतं का?’ हो म्हणाले तर एकटं सोडू नका. लकव्याच्या घरात गोळ्यांचा साठा मोठा असतो, तो कुलपात ठेवा. शेतीचं घर असेल तर फवारणीचं औषधही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास, मोफत आणि मराठीतही चालतो. केंद्र सरकारने तो 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू केला. पण काही करून घेतलं असेल किंवा करण्याच्या बेतात असतील तर फोनवर थांबू नका, सरळ दवाखाना गाठा. पोलीस केसच्या भीतीने लोक लपवतात म्हणून सांगते : 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच मानलं जातं, तिच्यावर त्यासाठी खटला चालत नाही.

बोलताच येत नसेल तर?

मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आला की उजवं अंग जातं आणि बऱ्याचदा भाषाही जाते. याला वाचाघात म्हणतात. ऐकू येतं, अक्कल शाबूत असते, पण शब्द सापडत नाही, किंवा समोरच्याचा शब्द पोचत नाही. अशा माणसाला नऊ प्रश्न विचारून काय उपयोग? नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी 1998 मध्ये यावर एक साधी तोड काढली. पेशंटला विचारायचंच नाही, सतत जवळ असणाऱ्याला विचारायचं. आठवड्यात किती वेळा रडले, रात्री किती वेळा बेचैन होते, नजर टाळतात का, चिडतात का, माणसांत बसायला नकार देतात का, काही न करता बसून राहतात का. तुम्ही एका वहीत रोज रात्री या सहा गोष्टींपुढे ‘नाही, थोडं, खूप’ असं लिहीत गेलात तरी पंधरा दिवसांनी डॉक्टरांपुढे ठेवायला ठोस काहीतरी असतं. ‘बरे नाहीत हो ते’ यापेक्षा ती वही जास्त बोलते.

दुसरी पायरी : अंगातली कारणं तपासून घ्या

ही पायरी छोटी आहे, पण गाळू नका. थायरॉइड कमी असेल, बी-12 कमी असेल, रक्तातलं सोडियम उतरलं असेल तर माणूस सुस्त आणि उदास दिसतो. या साध्या रक्ततपासण्या आहेत. लुळ्या बाजूचा खांदा ठणकत असेल तर झोप नाही, आणि झोप नाही तर मन नाही. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं लकव्यानंतर खूप आढळतं, तेही डॉक्टरांना सांगा. आणि अचानक, काही तासांत, माणूस गोंधळला किंवा पेंगुळला, तोंड आणखी वाकडं झालं, बोलणं जड झालं, तर ते मनाचं समजू नका. नवा झटका असू शकतो. सायकॉलॉजिस्टकडे नव्हे, इस्पितळात न्या.

तिसरी पायरी : कुणाकडे जायचं

आपल्या भाषेनेच इथे घोळ घातलाय. ‘मानसोपचारतज्ज्ञ’ म्हटलं की मराठीत बहुतेकदा सायकियाट्रिस्ट अभिप्रेत असतो, म्हणजे मनोविकारशास्त्रात एमडी किंवा डीपीएम (पदविका) झालेला डॉक्टर, जो निदान करतो आणि गोळ्या लिहून देतो. बोलण्यातून आणि कृतीतून चालणारा उपचार, ज्याला मानसोपचार किंवा सायकोथेरपी म्हणतात, तो बहुधा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतो. त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे म्हणजे आरसीआयकडे असते आणि तिचा क्रमांक विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. समुपदेशक हा तिसरा प्रकार. चांगले समुपदेशक आहेत, मीही पेशंट पाठवते, पण पाटीवर ‘समुपदेशक’ लिहायला तीन महिन्यांचा कोर्सही काही जणांना पुरतो. लकव्यानंतरच्या नैराश्यात मेंदूची इजा गुंतलेली असते, त्यामुळे सुरुवात पहिल्या दोघांपैकी एकाकडे करा.

शोध घ्यायची सोपी जागा म्हणजे ज्यांनी लकव्यावर उपचार केले ते न्यूरॉलॉजिस्ट किंवा फिजिशियन. त्यांना स्पष्ट शब्दांत विचारा, ‘डिप्रेशन आहे का ते तपासाल का?’ ओपीडीच्या पाच मिनिटांत ते स्वतःहून विचारतीलच असं नाही. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी असते, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकार विभाग असतो. ठाण्यात 1990 पासून काम करणारी आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था मराठी माणसाला माहीत आहे. गोव्यात बांबोळीची मनोविकार आणि मानवी वर्तणूक संस्था आहे. वाचाघात असेल तर स्पीच थेरपिस्ट आधी किंवा बरोबरीने हवा. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाचा-श्रवणाच्या कामासाठीच आहे. तालुक्याच्या गावाला यांतलं काहीच नसेल तर 14416 वर फोन करून जवळचं ठिकाण विचारा. व्हिडिओ कॉलवरही सेशन होतात आणि लकव्याच्या पेशंटला ते प्रवासापेक्षा बरं पडतं, मात्र मोबाइल हातात धरायला लावू नका, डब्याला टेकून समोर उभा करा.

फोनवर चार प्रश्न विचारा : लकव्याचे पेशंट पाहता का? मराठीत बोलता का? खोली तळमजल्यावर आहे का, लिफ्ट आहे का? एका सेशनची फी किती? तिसरा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. माझी स्वतःची पहिली खोली दुसऱ्या मजल्यावर होती. तो जिना पाहून खालूनच परत गेलेली माणसं मला नंतर कळली.

चौथी पायरी : पहिल्या भेटीची तयारी

वेळ सकाळची घ्या. दुपारनंतर मेंदू दमतो. पहिली काही सेशन अर्ध्या तासाचीच असू द्या, तासाभराचा हट्ट धरणाऱ्याला तसं सांगा. डिस्चार्ज कार्ड, एमआरआयचा रिपोर्ट, चालू गोळ्यांची पट्टी, ती वही, हे सगळं एका पिशवीत. चष्मा, कवळी, कानाचं यंत्र विसरू नका. कवळी घरी राहिली म्हणून तोंड उघडायला लाजलेल्या आजी मी पाहिल्यात. नोंद मात्र झाली असती ‘बोलत नाहीत’ अशी.

पेशंटला सांगायचं काय? ‘वेड्यांच्या डॉक्टरकडे नेताय का?’ हा प्रश्न येणारच. ‘फिरायला जाऊ’ म्हणून फसवून आणू नका, पहिल्याच दिवशी विश्वास जातो. ‘झटक्यानंतर हाताला व्यायाम लागतो, तसा मनालाही लागतो, त्याचे डॉक्टर आहेत’ एवढं पुरतं.

आणि सोबत आलेल्याने उत्तरं द्यायची नाहीत. हे सगळ्यात अवघड. मी विचारते, ‘काका, झोप कशी लागते?’ आणि काकू म्हणतात, ‘अजिबात नाही.’ मग मी काकूंना चहाला पाठवते. वाचाघाताच्या माणसाला उत्तर द्यायला वीस-वीस सेकंद लागतात. ती शांतता सहन करा. एका वेळी एकच प्रश्न, ‘हो-नाही’त उत्तर देता येईल असा, हातात कागद-पेन. पूर्ण डाव्या अंगाचा लकवा असलेल्या काहींना डावीकडचं जगच दिसेनासं होतं, ताटातली डावी भाजी तशीच राहते. अशा माणसाच्या उजव्या हाताला बसून बोला, नाहीतर तो तुमच्याकडे बघत नाही म्हणून तुम्हीच गैरसमज करून घ्याल.

पाचवी पायरी : खोलीत नक्की काय घडतं

इथे मी एक उदाहरण सांगते, ओळख पटू नये इतके तपशील बदलून.

एसटीत तीस वर्षं कंडक्टर असलेले काका. उजवा हात गेलेला, शब्द अडकायचे. दाढी करू द्यायचे नाहीत. पहिल्या भेटीत त्यांनी एकच वाक्य, तेही तुकड्या-तुकड्यांत, म्हटलं, ‘आता... काय... राहिलं?’ मी त्यावर काही बोलले नाही. त्यांना पटेल असं उत्तर माझ्याकडे नव्हतं. काकूंना विचारलं, झटक्याआधी घरात यांचं कोणतं काम होतं, जे दुसऱ्या कुणाला जमायचं नाही? त्या म्हणाल्या, ‘काम काय हो, रिटायर माणूस. दुधाचा हिशोब तेवढा लिहायचे, कालनिर्णयवर.’ झटक्यानंतर तो हिशोब सुनेच्या मोबाइलमध्ये गेला होता.

तो मोबाइलमधून काढून परत भिंतीवर आणला. कॅलेंडर खुर्चीत बसून हात पोचेल इतकं खाली टांगलं. पहिल्या आठवड्याचं काम एवढंच, की रोज सकाळी दूध आलं की त्या तारखेच्या चौकटीत डाव्या हाताने एक रेघ. सात दिवसांत पाच रेघा आल्या, त्यातल्या दोन शेजारच्या तारखेत घुसलेल्या. रेघेच्या आधी मन कसं होतं आणि नंतर कसं, दहापैकी किती, ते बोटांनी दाखवायचं आणि काकूंनी लिहायचं. आधी दोन, नंतर तीन. दोन, दोन. एक, तीन. दुसऱ्या आठवड्यात चार पायांची काठी घेऊन दारापर्यंत जाऊन दूध आल्याचं स्वतः बघायचं. तिसऱ्यात रेघ मारून झाल्यावर दहा मिनिटं व्हरांड्यात. महिना संपला तेव्हा दूधवाल्याने तीस दिवसांचं बिल आणलं आणि काकांनी तीन बोटं वर केली. तीन दिवस दूध आलं नव्हतं, चौकटी रिकाम्या होत्या. काकूंनी हे मला तक्रार म्हणून सांगितलं, ‘सकाळी सकाळी भांडण काढलं ह्यांनी.’ मी ते फाइलमध्ये प्रगती म्हणून लिहिलं. त्याच आठवड्यात त्यांनी दाढी करू दिली.

या पद्धतीला बिहेव्हियरल ॲक्टिव्हेशन म्हणतात, मराठीत ‘कृती-सक्रियता’ वगैरे शब्द आहेत, मी ‘कामाला लावणं’ म्हणते. तत्त्व इतकंच, की मन बरं झाल्यावर काम करू असं म्हणत बसलं तर मन बरं होत नाही. आधी काम, मग मन. काम माणसाचं स्वतःचं हवं. मुलांच्या रंगवायच्या वहीत रंग भरायला लावलेले निवृत्त हेडक्लार्क मला आठवतात, ते का चिडले हे त्यांच्या घरच्यांना कळत नव्हतं. काम इतकं छोटं हवं की वाईट दिवशीही होईल. वेळ ठरलेली हवी, आणि नोंद हवी, कारण नैराश्यातल्या माणसाला आठवड्याभरात काहीच चांगलं झालं नाही असंच वाटत असतं, आणि भिंतीवर पाच रेघा असतात.

हे नुसतं माझं मत नाही. ब्रिटनमध्ये वाचाघात असलेल्या 105 लोकांवर याच धर्तीचा उपचार तपासला गेला. तीन महिन्यांत जास्तीत जास्त वीस सेशन, बोलण्याऐवजी चित्रं आणि कृतींवर भर. 2013 मध्ये निष्कर्ष आले. सहा महिन्यांनी तो उपचार मिळालेल्यांची मनःस्थिती नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा चांगली होती. अमेरिकेत सिॲटलच्या 2009 च्या चाचणीत 101 जण होते. गोळ्यांबरोबर नऊ सेशनचा असा उपचार मिळालेल्यांपैकी 47 टक्के नैराश्यातून बाहेर आले, तो न मिळालेल्यांपैकी 19 टक्के. ही सेशन परिचारिकांनी घेतली होती, हे मला विशेष वाटतं.

पण सगळंच जमतं असं नाही, हेही सांगायला हवं. विचार बदलण्यावर भर देणारी सीबीटी ही पद्धत नैराश्यावर जगभर नावाजलेली. 2003 मध्ये इंग्लंडमध्ये लकव्यानंतर ती 123 लोकांवर तपासली तेव्हा नुसत्या आपुलकीच्या भेटींपेक्षा तिचा वेगळा फायदा दिसला नाही. मी यातून धडा घेतला तो असा, की दमलेल्या, विसरणाऱ्या, शब्द शोधणाऱ्या मेंदूला ‘विचारांची वही लिहून आणा’ हा गृहपाठ जड जातो. त्यामुळे विचारांचं काम मी नंतर घेते, आणि सोपं करून घेते. आपल्याकडे विवेकनिष्ठ उपचारपद्धती चांगली रुजलीय, तिचा एक प्रश्न उपयोगी पडतो. ‘मला पूर्वीसारखं चालता यावं’ ही इच्छा झाली. ‘पूर्वीसारखं चालता आलंच पाहिजे, नाहीतर जगण्यात राम नाही’ हा हट्ट झाला. इच्छेला हात लावायचा नाही, हट्टावर बोलायचं. ‘मी ओझं आहे’ म्हणणाऱ्याला ‘नाही हो, कसलं ओझं’ म्हणून वाटेला लावू नका. त्याला विचारा, ‘तुमच्या आईचं शेवटी तुम्ही केलंत, तेव्हा ती ओझं होती का?’ आणि मग गप्प बसा.

काही वेळा विचार चुकीचा नसतोच. हात खरंच परत येणार नसतो, गाडी खरंच विकावी लागते. त्याचं दुःख करायला जागा लागते, आणि घरात ती मिळत नाही कारण घरचे सतत धीर देत असतात. माझ्या खोलीतला निम्मा वेळ कधीकधी फक्त यातच जातो.

तिसरी पद्धत अडचण सोडवण्याची. एक अडचण नेमकी मांडायची, चार-पाच तोडगे काढायचे, त्यातला एक आठवडाभर करून बघायचा. ‘देवळात जाता येत नाही’ याचं ‘देवळाला चार पायऱ्या आहेत आणि मंगळवारी गर्दी असते’ असं झालं की अर्धं सुटतं.

सहावी पायरी : घरच्यांनी काय करायचं आणि काय थांबवायचं

सेशन आठवड्यातून एक, अर्धा तास. उरलेला सगळा वेळ माणूस तुमच्यात असतो. म्हणून खरा उपचार घरात टिकतो किंवा घरात बुडतो.

‘राहू दे, मी करते’ हे वाक्य बंद करा. शर्टाची बटणं लावायला त्यांना सात मिनिटं लागतात, तुम्हाला अर्धं मिनिट. सात मिनिटं द्या, त्यासाठी अलार्म अलीकडे घ्या. मदत मागितल्यावर, आणि मागितली तेवढीच.

घरातले निर्णय त्यांच्यासमोर, त्यांना विचारून. भाजी कोणती इथपासून जमिनीच्या कागदांपर्यंत. त्यांच्या डोक्यावरून दोघांनी बोलणं, ते खोलीत नसल्यासारखं, हे मी रोज बघते आणि रोज सांगते.

भेटायला येणाऱ्यांना आवरा. रविवारी आठ माणसं कॉटभोवती, प्रत्येकाचा एक लकव्याचा किस्सा, आणि जाताना त्यांच्यादेखत ‘किती रुबाबदार होते हो हे’. होते! एका वेळी दोन माणसं, अर्धा तास, आणि पत्त्यांचा किंवा क्रिकेटचा काहीतरी विषय घेऊन या असं बेधडक सांगा. पूर्वीचा एखादा मित्र दर बुधवारी नुसता चहा प्यायला आला तरी तो माझ्याइतकंच काम करतो.

व्यायाम टाळला तर चिडू नका, लाडीगोडीही नको. ‘आज दोनच वेळा उचलू’ म्हणा. फिजिओथेरपिस्टला नैराश्याबद्दल सांगून ठेवा, नाहीतर तो ‘पेशंट सहकार्य करत नाही’ असं लिहितो.

आणि तुम्ही? रात्री तीनदा उठणारी बायको, नोकरी सांभाळून त्यांची कूस बदलून देणारा मुलगा, सगळ्यांचं करून स्वतःचं बीपी न तपासणारी सून. तीच नऊ प्रश्नांची प्रश्नावली एकदा स्वतःसाठीही भरा. आठवड्यातली एक दुपार दुसऱ्या कुणावर सोपवून बाहेर पडा. भजनी मंडळ असो नाहीतर माहेर. माझ्याकडे येणाऱ्या काकूंपैकी काही जणी शेवटी स्वतःच पेशंट झाल्या.

सातवी पायरी : गोळ्यांचं काय

मानसोपचार आणि गोळ्या यांत वैर नाही. नैराश्य मध्यम किंवा तीव्र असेल, जेवण सुटलं असेल, मरणाचे विचार असतील तर सायकियाट्रिस्ट गोळी देतील आणि ती घ्यावी. सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम या गटातल्या गोळ्या साधारण वापरल्या जातात. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, मधेच बंद करायच्या नसतात. रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांबरोबर रक्तस्रावाचा धोका थोडा वाढतो, वयस्कर माणसात सोडियम उतरू शकतं, म्हणून चालू गोळ्यांची पूर्ण यादी त्यांच्यापुढे ठेवा.

‘लकव्याच्या सगळ्याच पेशंटना ही गोळी दिली की हातपाय लवकर सुधारतात’ असं काही वर्षांपूर्वी ऐकू यायचं. ब्रिटनमध्ये 3127 लोकांवर फ्लुओक्सेटिन सहा महिने देऊन हे तपासलं. हातपाय सुधारण्यात फरक पडला नाही, नैराश्य काहीसं कमी लोकांना आलं, पण हाडं मोडण्याचं प्रमाण जवळजवळ दुप्पट झालं. म्हणजे ही गोळी नैराश्यासाठी, नैराश्य असलेल्यालाच, आणि पडू नये याची काळजी घेत.

आठवी पायरी : महिन्याने मोजा

सुरुवातीला भरलेली प्रश्नावली दर चार आठवड्यांनी पुन्हा भरा, त्याच माणसाने, शक्यतो सकाळीच. चार-पाच गुण उतरले तरी ते चांगलं आहे, घरात अजून फरक ‘दिसत’ नसला तरी. सहा-आठ सेशननंतर काटा जागचा हललाच नसेल तर सायकॉलॉजिस्टला तसं तोंडावर विचारा : पद्धत बदलायची का, सायकियाट्रिस्टकडे पाठवता का, की हे मुळात नैराश्य नसून निरिच्छता आहे? चांगला माणूस या प्रश्नाने दुखावत नाही. दुखावला तर दुसरा शोधा.

सेशन बहुधा आठ ते बाराच्या आसपास आटोपतात, आधी आठवड्याने, मग पंधरा दिवसांनी. संपताना एक कागद मागून घ्या, त्यावर याच माणसाची घसरणीची पहिली लक्षणं लिहिलेली असतील. आमच्या कंडक्टर काकांच्या कागदावर पहिली ओळ आहे ‘कॅलेंडरवर सलग चार दिवस रेघ नाही’, आणि तिच्याखाली माझा फोन नंबर. झटक्याला वर्ष होण्याची तारीख, घरातलं लग्न जिथे उभं राहून अक्षता टाकता येत नाहीत, फिजिओथेरपी बंद होण्याचा महिना, या तीन वेळांना तो कागद मुद्दाम काढून बघा. तो फ्रिजवर लावा, फाइलीत घातला की हरवतो.